खाटेवरचा प्रश्न आणि अनुदानाचा अर्ज

मराठी वाचकाच्या कानावर 'अनुदान' हा शब्द बहुधा शाळेच्या किंवा ठिबक सिंचनाच्या संदर्भात पडलेला असतो. अनुदानित शाळेच्या शिक्षकांचे वेतन शासन देते, शेतकऱ्याला ठिबकच्या संचावर ठरावीक टक्के सवलत मिळते, आणि दोन्ही ठिकाणी नियमांत बसणाऱ्याला ती रक्कम मिळणे हा जवळजवळ हक्कच मानला जातो. ती थकली तर मोर्चा निघतो, नाकारली गेली तर न्यायालयात दाद मागता येते. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक ज्या संशोधन अनुदानासाठी अर्ज करतो, त्याची प्रकृती याहून निराळी आहे. ते पात्रतेपोटी मिळत नाही. एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पद्धतीने आणि ठरलेल्या खर्चात शोधून देण्याचा तो करार असतो, आणि त्यासाठी देशभरातून आलेल्या अर्जांशी स्पर्धा करावी लागते. शब्द एकच असल्यामुळे पहिल्या अर्थाच्या अपेक्षा दुसऱ्या अर्थाला नकळत चिकटतात, आणि 'आम्ही सर्व कागद जोडले होते, तरी नामंजूर का झाले' असा प्रश्न विचारला जातो. कागद पूर्ण असणे ही या स्पर्धेत उतरण्याची अट असते, एवढे एक सूत्र वाचकाच्या हाती देणे हा या प्रस्तावनेचा पहिला उद्देश आहे.

हे सूत्र सांगण्याची गरज का भासते, हे देशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्थितीवरून कळते. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील ५७९ वैद्यकीय संस्थांची संशोधन प्रकाशने मोजली गेली होती. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांच्या, नावावर या काळात एकही शोधनिबंध नव्हता, आणि वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या. संशोधन आणि विकासावर भारताचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास असल्याने 'पैसा कोठे आहे' ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. तथापि त्याच देशात, त्याच तिजोरीतून, पंचवीस संस्था काम उभे करतात आणि तीनशेहून अधिक संस्था कोऱ्या राहतात, याचे उत्तर केवळ पैशाच्या कमतरतेत सापडणार नाही. ओपीडीची गर्दी, अध्यापनाचे तास, मान्यतेसाठी येणाऱ्या तपासण्या आणि बदल्या यांच्या रेट्यात अध्यापकाला प्रश्न पडतच नाही असे नाही. पडलेला प्रश्न प्रस्तावाच्या रूपात मांडण्याची सवय आणि त्यासाठी हाताशी असणारी यंत्रणा या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी उभ्या राहिलेल्या नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध हे याचे बोलके उदाहरण आहे. दरवर्षी हजारो प्रबंध लिहिले जातात, रेसिडेंट रात्रीची ड्यूटी सांभाळून केसपेपरांतून आकडे काढतो, आणि परीक्षा संपली की ती बांधीव प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसते; तिच्यातून पुढचा प्रश्न निघत नाही, कारण पुढचा प्रश्न काढणे हे कोणाचेच काम नसते.

वास्तविक भारतातील आरोग्य संशोधनाच्या इतिहासातील एक मोठा अध्याय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओसरीतच सुरू झालेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, आणि हाताखाली होते एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तयार झालेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ती प्रयोगशाळा १८९९ मध्ये हलली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. संशोधनाला नियमित पैसा पुरवण्याची व्यवस्था १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या रूपाने झाली आणि तीच संस्था १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आयसीएमआर, झाली. पुण्यात १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचीच आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली आहे. मद्रासमध्ये १९५६ मध्ये आयसीएमआर, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षयरोगाचा एक साधा दिसणारा प्रश्न हाती घेतला: गरीब वस्तीतल्या रुग्णाला आरोग्यधामात न ठेवता घरीच औषधे दिली, तर तो बरा होतो काय आणि घरच्यांना लागण वाढते काय? १९३ रुग्णांच्या त्या अभ्यासाने घरचा उपचार पुरेसा ठरतो व घरच्यांचा धोका त्याने वाढत नाही असे दाखवले, आणि खाटांअभावी उपचारांबाहेर राहणाऱ्या रुग्णांसाठी जगभराचे धोरण बदलले. दुसऱ्या टोकाला, मोठ्या संशोधनसंस्थेबाहेर राहून, रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणारे परिणाम टिपले आणि प्राझोसिन या स्वस्त औषधाचा उपयोग दाखवून दिला. हाफकिन, मद्रासचा अभ्यास आणि बावस्कर या तिन्ही उदाहरणांत पैशाचे प्रमाण आणि मार्ग वेगवेगळा आहे. प्रश्न नेमका असणे आणि तो समोरच्या रुग्णातून आलेला असणे, एवढे मात्र तिन्ही ठिकाणी समान आहे.

आज पैसा देणाऱ्या संस्थांचा नकाशा १९११ च्या तुलनेत बराच दाट झाला आहे, आणि नवख्या अर्जदाराचा पहिला गोंधळ तिथेच होतो. आयसीएमआरच्या खर्चाचे दोन प्रवाह आहेत: तिच्या स्वतःच्या संस्थांत चालणारे अंतर्गत संशोधन आणि बाहेरच्या महाविद्यालयांना, विद्यापीठांना व संस्थांना स्पर्धेतून दिले जाणारे बहिःस्थ संशोधन अनुदान; महाविद्यालयाचा संबंध येतो तो दुसऱ्याशी. २००७ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय आरोग्य संशोधन विभाग मुख्यतः पायाभूत सोयींवर भर देतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रे, विषाणू निदान प्रयोगशाळा आणि डहाणूसारख्या ठिकाणची आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रे ही त्याच्याच योजनांची फळे आहेत. जैवतंत्रज्ञान विभाग प्रयोगशाळेकडे झुकलेल्या प्रश्नांना, तर त्याच विभागाची २०१२ मध्ये स्थापन झालेली 'बायरॅक' ही कंपनी उपकरण, चाचणी किंवा लस बाजारापर्यंत नेऊ इच्छिणाऱ्यांना आधार देते. २००८ पासून जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून चालणारी 'इंडिया अलायन्स' मुख्यतः व्यक्तीला अधिछात्रवृत्ती देते, म्हणजे तिथे प्रकल्पाइतकेच संशोधकाच्या पुढील वाटचालीचे मूल्यमापन होते. २०२३ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ विलीन झाले आहे. आयुष मंत्रालयाची स्वतंत्र योजना आहे, आणि महाराष्ट्रापुरते पाहिले तर नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांना लहान अनुदाने देते. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती १९७९ पासून चालू आहे, आणि संशोधनाच्या कागदपत्रांशी पहिली ओळख होण्याचे तिच्याइतके सोपे दार दुसरे नाही.

योग्य संस्था शोधणे म्हणजे या नावांची यादी पाठ करणे नव्हे. प्रत्येक संस्था वेळोवेळी प्रस्तावांसाठी आवाहन प्रसिद्ध करते, आणि त्या आवाहनात चार गोष्टी दडलेल्या असतात: विषयाचा प्राधान्यक्रम, अर्जदाराची पात्रता, रकमेची मर्यादा आणि अंतिम तारीख. नवखा अर्जदार बहुधा उलट्या क्रमाने वाचतो. तारीख पाहून घाबरतो, रक्कम पाहून हरखतो, आणि आपला विषय कसाबसा त्या चौकटीत कोंबतो. अनुभवी संशोधकाकडे प्रश्न आधीच लिहून ठेवलेला असतो आणि आवाहन आले की तो एवढेच पाहतो की या प्रश्नाची आणि या संस्थेची वाट एक आहे काय. पात्रतेचे कलम मात्र सर्वांनीच प्रथम वाचावे, कारण तिथली चूक नंतर सुधारता येत नाही: वयाची मर्यादा, नियमित पदावरील नेमणूक, निवृत्तीपर्यंत प्रकल्पाच्या कालावधीइतकी तरी सेवा शिल्लक असणे, आणि खासगी महाविद्यालय असल्यास वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता, यांपैकी एखादी अट राहून गेली तर शास्त्रीय भाग कोणी उघडूनही पाहत नाही. यासोबतच त्या संस्थेने गेल्या दोन-तीन वर्षांत कोणते प्रकल्प मंजूर केले याची यादी चाळली, तर आवाहनाच्या गुळगुळीत भाषेआड तिला प्रत्यक्षात काय हवे असते ते लक्षात येते.

प्रश्न नेमका करणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. सर्पदंश हा महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयाच्या अपघात विभागात पावसाळ्यात रोज दिसणारा विषय आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले, आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवणारा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केला. 'सर्पदंशाचा अभ्यास' हा या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा विषय ठरतो, पण विषय म्हणजे प्रश्न नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडावर आघात होतो, हे ज्ञात आहे. प्रतिविष मिळायला उशीर झाला की हा आघात वाढतो, अशी प्रत्येक निवासी डॉक्टरची समजूत असते. मग प्रश्न असा घडतो: घोणसदंशानंतर महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णांत मूत्रपिंडाला तीव्र इजा होण्याचे प्रमाण किती, आणि दंशापासून पहिल्या प्रतिविषापर्यंत गेलेल्या तासांशी त्याचा संबंध आहे काय? रुग्ण कोण, कशाची तुलना कशाशी, आणि मोजायचे काय, या तिन्हींची उत्तरे त्या एका वाक्यात आली की पुढचा प्रस्ताव जवळजवळ स्वतःच आकार घेऊ लागतो.

या वाक्यातून पहिला निघतो तो नमुन्याचा आकार, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यावे लागतील याचा हिशेब. मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण २० टक्के असेल असे गृहीत धरले आणि ९५ टक्के विश्वासपातळीवर उत्तर ५ टक्के अलीकडे-पलीकडे चालणार असेल, तर प्रचलित सूत्राने २४६ रुग्ण लागतात. दहा टक्के रुग्ण मध्येच सुटतील असे धरले तर २७४. हाच अंदाज १० टक्के अलीकडे-पलीकडे चालत असता तर मूळ संख्या ६२ वर आली असती, म्हणजे अचूकता दुप्पट करायची तर रुग्ण जवळजवळ चौपट घ्यावे लागतात. आता समजा, त्या रुग्णालयात वर्षाला घोणसदंशाचे ९० रुग्ण येतात. २७४ रुग्णांना तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल, आणि प्रकल्पाची मुदत जर तीन वर्षांचीच असेल व पहिले सहा महिने मंजुऱ्या आणि नेमणुकांत जाणार असतील, तर हा प्रस्ताव कागदावरच फसलेला आहे. उपाय दोनच उरतात: शेजारच्या जिल्ह्यातील दुसरे रुग्णालय सोबत घेणे किंवा प्रश्न लहान करणे. हे गणित अर्ज पाठवण्यापूर्वी संख्याशास्त्रज्ञाच्या टेबलाशी बसून केले तर अर्ध्या तासाचे काम असते. मंजुरीनंतर लक्षात आले तर मुदतवाढ मागण्यात वर्ष जाते. संख्याशास्त्रज्ञाला शेवटच्या दिवशी 'एवढी सॅम्पल साइज टाकून द्या' असे सांगण्याची प्रथा म्हणूनच आधी कळस मग पाया अशी आहे.

अंदाजपत्रकाकडे पाहण्याची दृष्टीही याच उदाहरणातून मिळते. मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा अधिभार ही नेहमीची शीर्षे असतात, आणि प्रत्येक शीर्षापुढे त्या खर्चाचे समर्थन लिहावे लागते. घोणसदंशाच्या रुग्णाचे रक्त गोठते की नाही हे पाहण्याची सर्वत्र रूढ असलेली खाटेजवळची चाचणी म्हणजे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवणे आणि मग तिरपी करून पाहणे. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लॅस्टिकच्या नळीत ती तशी होत नाही आणि साबणाने धुतलेल्या नळीतही फसवे उत्तर मिळू शकते. उपभोग्य साहित्याच्या रकान्यात ज्याने 'नव्या काचेच्या नळ्या' असे कारणासह लिहिले आहे, तो लेखक अपघात विभागात रात्री उभा राहिलेला आहे हे परीक्षकाला दोन शब्दांत कळते. आणि जिथे सात आकडी किमतीचे यंत्र मागितले आहे, पण नोंदी घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन धरलेले नाही, तिथे लेखकाला यंत्र हवे आहे, उत्तर नव्हे, हेही तितक्याच लवकर कळते. अंदाजपत्रक हा प्रस्तावाचा शेवटचा भाग मानला जातो, पण अभ्यासाची पद्धत लेखकाला खरोखर उमगली आहे काय याची ती सर्वांत प्रामाणिक परीक्षा असते.

परीक्षण कसे होते याविषयी महाविद्यालयांत अनेक समजुती फिरत असतात, आणि 'ओळखीशिवाय काही होत नाही' ही त्यांतील सर्वांत टिकाऊ समजूत आहे. ओळखीचा लाभ कोणालाच कधी झाला नाही असा दावा येथे अभिप्रेत नाही. परंतु परीक्षकाच्या जागी बसून पाहिले तर नामंजुरीची साधी कारणेच पुष्कळ सापडतात. परीक्षक बहुधा दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयातील, स्वतःची ओपीडी संपवून संध्याकाळी प्रस्तावांचा गठ्ठा उघडणारा अध्यापक असतो. तो आधी सारांश वाचतो, मग उद्दिष्टे, आणि उद्दिष्टांतून पद्धतीकडे सरळ वाट जात नसेल तर तिथेच थांबतो. पाच उद्दिष्टे लिहून त्यांपैकी दोनांचीच मोजणी पद्धतीत असणे, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा दहा वर्षे जुना असणे, किंवा 'या विषयावर भारतात अभ्यास झालेले नाहीत' असे विधान करून शोधसाधनावर एका मिनिटात सापडणारे तीन अभ्यास वगळणे, हे दोष प्रस्तावाला पुरेसे बाधतात. नामंजुरीसोबत आलेले अभिप्राय हे या व्यवहारातील फुकट मिळणारे शिक्षण होय. ते फाइलला लावून विसरण्याऐवजी मुद्द्यागणिक उत्तर लिहून तोच प्रस्ताव दुरुस्त करणे आणि पुन्हा पाठवणे ही संशोधनाची नित्याची रीत आहे, अपमान गिळणे नव्हे.

प्रस्ताव शास्त्रीयदृष्ट्या सरस ठरला तरी काम सुरू होण्यापूर्वी परवानग्यांची एक साखळी पार करावी लागते, आणि तिच्यातील प्रत्येक कडीमागे काही इतिहास आहे. संस्थेची नैतिकता समिती, जिला सगळे 'एथिक्स कमिटी' म्हणून ओळखतात, आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रस्ताव तपासते; नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू होतात, आणि त्याच नियमांनी आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांनाही नोंदणी बंधनकारक केली. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत चाचणी आगाऊ नोंदवणे २००९ पासून अनिवार्य आहे, जेणेकरून न आवडलेले निष्कर्ष गुपचूप दडवले जाऊ नयेत. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. खासगी न्यासांना परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी हवी, आणि त्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीवर दीर्घकाळ संशोधन चालवले, यावरून अशा भागीदारीची फलश्रुती दिसते. त्याच अमेरिकी संस्थांनी मे २०२५ मध्ये परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी रीत थांबवल्यावर तिच्यावर विसंबण्याची जोखीमही दिसली.

या सर्व कागदांत एक कागद असा आहे की ज्याचा संबंध थेट मराठी भाषेशी येतो. रुग्णाला दिले जाणारे माहितीपत्रक आणि संमतीपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत असावे, असा नियम आहे, आणि त्याची पूर्तता बहुधा इंग्रजी मजकुराचे शब्दाला शब्द ठेवून केलेल्या मराठी अनुवादाने होते. 'यादृच्छिक वाटपाद्वारे आपणास कोणत्याही एका गटात समाविष्ट करण्यात येईल' हे वाक्य समितीच्या बैठकीत निर्दोष ठरते आणि रुग्णाच्या खाटेजवळ निरर्थक ठरते. 'दोनांपैकी कोणते औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, छापा-काटा करावा तसे ते ठरेल' असे म्हटले की रुग्णाची बायकोसुद्धा पुढचा प्रश्न विचारते, आणि पुढचा प्रश्न विचारला जाणे हीच समजल्याची खूण असते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या माणसापुढे प्रमाण मराठीचेही हेच होऊ शकते. संमती ही सही किंवा अंगठा घेण्याची क्रिया नाही. ज्याच्या दुखण्यातून प्रश्न निघाला त्याला तो प्रश्न परत सांगण्याची ती पहिली संधी आहे, आणि ज्या प्रस्तावाचा आशय साध्या मराठीत सांगता येत नाही तो लेखकालाही पुरता उमगलेला नसतो.

अनुदान मंजूर झाल्यावर काम सुरू झाले असे वाटते, पण अनेक प्रकल्पांचे घोडे पेंड खाते ते याच टप्प्यावर. पहिला हप्ता संस्थेच्या खात्यावर जमा होतो, प्रमुख संशोधकाच्या नव्हे; त्यामुळे कर्मचाऱ्याची जाहिरात, मुलाखत, खरेदीची दरपत्रके आणि देयके यांसाठी त्याला अधिष्ठात्यांचे कार्यालय, लेखा शाखा आणि भांडार यांच्या दारांशी जावे लागते, आणि तिथल्या लिपिकाला या फाइलचे काही सोयरसुतक असण्याचे कारण नसते. सर्वांत कमी दराचा निकष लावून काचेऐवजी प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या तर नियम पाळला गेलेला असतो आणि अभ्यास बुडालेला असतो. पुढचा हप्ता मिळण्यासाठी खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे दिलेला पैसा दिलेल्या कामासाठीच खर्च झाला अशी संस्थेची सही-शिक्क्याची ग्वाही, वेळेवर पाठवावे लागते. ते अडकले की हप्ता अडकतो, हप्ता अडकला की प्रकल्पावरील कर्मचाऱ्याचे मानधन अडकते, आणि प्रशिक्षण दिलेला माणूस दुसरीकडे निघून जातो. म्हणून महाविद्यालयात संशोधन कक्ष असणे, त्यात आवाहनांची तारीखवार नोंद ठेवणारा, अंदाजपत्रक तपासणारा आणि लेखा शाखेशी बोलणारा निदान एक पूर्णवेळ कर्मचारी असणे, हे एखाद्या महागड्या यंत्रापेक्षा अधिक फलदायी ठरते. ज्या थोड्या संस्था सातत्याने अनुदान मिळवतात, त्यांच्याकडे हुशार माणसे तर असतातच. पण त्या हुशार माणसांचा वेळ दरपत्रकांमागे धावण्यात जाऊ नये याची तजवीजही तिथे केलेली असते.

प्रस्तुत ग्रंथाची मांडणी याच क्रमाने व्हावी हे उचित आहे: आधी प्रश्न, मग पद्धत, मग संख्या, मग पैसा, मग परवानग्या आणि शेवटी हिशेब. संस्थांची नावे आणि योजनांच्या अटी बदलत राहतील, रकमा वाढतील किंवा घटतील, आणि आज जे आवाहन पाहून अर्ज लिहिला जातो ते पुढील वर्षी येईलच असे नाही; त्यामुळे योजनांच्या तपशिलापेक्षा प्रस्तावाच्या अंतर्गत रचनेवर भर देणे वाचकाच्या अधिक काळ कामी येते. नव्या अध्यापकाने हे पुस्तक अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी उघडण्याऐवजी एखाद्या सर्वसाधारण दिवशी, राउंड संपल्यावर उघडावे, आणि त्या दिवशी कोणत्या केसपेपरवर 'असे का झाले' असा प्रश्न मनात येऊन गेला ते एका वाक्यात लिहून ठेवावे. अशी वीस-पंचवीस वाक्ये वर्षभरात जमतात. त्यांपैकी निम्म्यांची उत्तरे ग्रंथालयात मिळतात, काही उत्तरे शोधण्यापलीकडची ठरतात, आणि दोन-तीन अशी उरतात की ज्यांचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही आणि ज्यांचे रुग्ण मात्र याच रुग्णालयाच्या दारात येत आहेत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे संशोधनाच्या दुष्काळाबद्दल बोलताना सहज म्हटले जाते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आडात मात्र पाणी रोज भरत असते, आणि अनुदानाचा अर्ज हा फक्त त्यात सोडायचा पोहरा आहे.